बाळांच्या वॉर्डातला नळ

मी एक जुना नळ आहे, मित्रांनो. सध्या एका रुग्णालयाच्या भांडारात, मोडक्या खाटेखाली पडून आहे. जागा वाईट नाही. इथे कुणी फिरकत नाही, म्हणून कुणाला तोंड दाखवावे लागत नाही.

माझा जन्म पितळेचा. मला ओतले, तासले, वर चकचकीत मुलामा चढवला. कोपराने उघडता यावा म्हणून लांब दांडा बसवला आणि थेट नवजात बाळांच्या वॉर्डात, दाराशेजारी उभे केले. आत काचेच्या पेट्यांत वेळेआधी जन्मलेली, ओंजळीत मावतील अशी बाळे. त्यांना हात लावायचा तर आधी माझ्यापुढे वाकायचे, मग तो डॉक्टर असो की बाळाचा बाप. माझी धार जोरकस होती. मोठ्या सिस्टर नव्या मुलींना सांगायच्या, नळ असावा तर असा. झाले! मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर.

खालच्या बेसिनकडे मात्र कुणाचे लक्ष नव्हते. सांडपाण्याची मोरी पार दुसऱ्या टोकाला. कामाच्या धांदलीत तिकडे कोण जाणार? मग कपातला उरलेला चहा माझ्या बेसिनमध्ये, इंजेक्शनच्या बाटलीत राहिलेले औषधही तिथेच. खालच्या वाकड्या नळीत जंतूंचा बुळबुळीत थर साचला. चहाच्या साखरेवर ते पोसले. औषधाच्या थेंबांनी त्यांतले दुबळे मेले, चिवट तेवढे उरले, आणि त्यांचीच प्रजा वाढली. नेहमीची औषधे त्यांच्यापुढे चालेनाशी झाली. माझी धार नेमकी बेसिनच्या तळाच्या जाळीवर आपटायची. खालचे जंतू घेऊन शिंतोडे शेजारच्या ओट्यावर उडायचे, जिथे बाळांना दूध पाजायच्या नळ्या मांडून ठेवत.

असे चिवट जंतू शोधायला प्रयोगशाळेतल्या एक बाई नेमाने येत. कापसाच्या काड्या खाटांवर, दारांच्या मुठींवर फिरवत, म्हणून सगळे त्यांना काडीबाई म्हणत. आल्या काड्या करायला, असे हसतही. त्या माझ्याकडे येत, हात धुऊन पुढे जात. दिव्याखाली अंधार, दुसरे काय!

एके वर्षी गॅरेजात काम करणाऱ्या एकाची मुलगी आत होती. त्याच्या नखांत काळे तेल मुरलेले. म्हणून बिचारा मला पूर्ण उघडून कोपरापर्यंत हात घासायचा. मग पेटीच्या गोल खिडकीतून एक बोट आत घालायचा, आणि ती ते घट्ट धरायची.

एका सकाळी ती दूध घेईना. अंग गार पडू लागले. रक्तात चिवट जंतू सापडला आणि औषधांमागून औषधे वाया जाऊ लागली. बाळाच्या आजीने जावयाला बाहेर गाठले.

"जावईबापू, राग मानू नका, पण त्या काळ्या हातांनी लेकराला शिवू नका."

त्या दिवसापासून तो हात पाठीमागे बांधून काचेबाहेरच उभा राहू लागला. आणि मी? मीही मनात म्हटले, असेल बाबा, नखे काळीच आहेत की.

काडीबाईंनी सगळा वॉर्ड पिंजून काढला. बापाच्या हातांवरूनही काडी फिरवली. चोरासारखे त्याने ते पुढे केले होते. पण हातांवर काही निघाले नाही. मग बाईंना ओला ओटा दिसला. त्यांनी त्यावर कोरा कागद पसरला आणि मला उघडले. कागदभर ठिपके उमटले. त्यांनी जाळीतून खाली काडी घातली. बाळाच्या रक्तातला जंतू तिथे सापडला, तोच, तसाच. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आम्ही!

राखून ठेवलेले एक शेवटचे औषध लागू पडले आणि पोरगी दूध घेऊ लागली. मोठ्या सिस्टर स्वतः बापापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमचे हात स्वच्छ होते. घाण आमच्या बेसिनमध्ये होती, आणि त्यात औषधं आम्हीच ओतत होतो."

त्याने कितीतरी वेळ आपल्या हातांकडे पाहिले. मग आत आला आणि सवयीने सरळ माझ्याकडे वळला. त्याचे कोपर माझ्या दांड्याला लागणार, तोच सिस्टरांनी त्याला धरले.

"इथे नको," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, हात धुवायला आलेल्या माणसाला माझ्यापासून ओढून दूर नेले. मेल्याहून मेल्यासारखे झाले मला. सिस्टरांनी बाटलीतल्या जंतुनाशकाने त्याचे हात चोळले, त्याने बोट आत घातले, तिने ते धरले. काचेबाहेर आजीची मान खाली गेली. माझीही गेली, पण नळाची मान मुळातच वाकलेली, म्हणून कुणाला कळले नाही.

प्लंबर मला काढून घेऊन गेला, ते बरेच झाले. तुम्हाला एवढेच सांगतो, हात धुवायच्या जागी हातच धुवा. उरलेले औषध मोरीत ओतू नका, ते कुठे द्यायचे ते विचारा. आणि तपासायला कुणी काडी घेऊन आले, तर हसू नका. ज्याची सगळे वाखाणणी करतात, त्याच्याकडे आधी पाहा म्हणावे. माझ्याकडे आधी पाहिले असते, तर एक बाप लेकीला हात लावायला घाबरला नसता.