चळतीच्या आतला तांबडा रंग

नाण्यांच्या वेडापायी तिला घरात सगळे चिल्लर म्हणत. पुढे तिनं जुन्या नाण्यांचं दुकानच टाकलं, तेव्हा ते नाव कायमचंच झालं. धाकटी बहीण आणि तिचा नवरा, एवढेच काय ते तिला ताई म्हणत.

मावशीच्या घराची फरशी उखडताना एक मातीची बरणी सापडली आणि मावशीनं ती जवळ राहणाऱ्या धाकटीकडे धाडून दिली. आत तांब्याच्या नाण्यांची चळत होती, कडांना हिरवा थर चढून घट्ट चिकटलेली. वर चार-दोन सुटी नाणी, काळपट तपकिरी. चिल्लर धावतपळत पोहोचली, तोवर मेहुण्यानं त्यातलं एक लिंबू-मीठ लावून घासूनही टाकलं होतं.

"बघा ताई, नवं कोरं झालं," तो कौतुकानं म्हणाला.

तिनं नाणं खिडकीपाशी धरून वळवलं. "जावईबापू, हे नवं नाही, सोललंय. टाकसाळीतून निघालेल्या नाण्यावर उजेड फिरतो. ह्याला कसंही वळवा, ढिम्म."

बिचाऱ्याचा चेहरा उतरला. पण तिचं लक्ष एव्हाना चळतीवर खिळलं होतं. नाणी तोंडाला तोंड लावून बसलेली. मध्ये हवा शिरलीच नसेल तर? एवढ्या वर्षांत ह्या जातीची कितीतरी नाणी तिच्या हातांखालून गेली होती, सगळी तपकिरी. मूळ रंग तिनं कधी पाहिलाच नव्हता.

चळत तेलात बुडवून धाकटीच्या दवाखान्यात ठेवली. धाकटी दातांची डॉक्टर. बारीक कामाला तिच्यासारखा हात नाही. चिल्लर रोज सकाळी फोन करी, "सुटलं का?"

"ताई, ते मुरू दे. ओढून काढायला ती काय किडकी दाढ आहे?"

शेवटी कडेचा हिरवा थर मऊ पडला. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिघं दवाखान्यात जमली. दिवा खाली ओढला. चिल्लरनं बांबूची काडी उचलली खरी, पण बोटं लटलट कापत होती.

"आण इकडे," धाकटी म्हणाली. "थरथरणारे पेशंट मी रोज बघते. थरथरणारी डॉक्टर नको."

पहिलं नाणं निघालं, आतून काळं. दुसरं तपकिरी. तिसऱ्याच्या फटीत काडी सरकली, टक्क आवाज झाला आणि दोन नाणी पुस्तकासारखी उघडली.

वायर सोलल्यावर आतली तार चमकते, तसा तांबडा. कडेला तपकिरी कडं, त्याच्या आत जांभळट झाक आणि मध्ये लखलखीत लाल. धाकटीनं नाणं किंचित कलतं केलं, तशी उजेडाची रेघ चाकाच्या आरीसारखी गरकन फिरली.

चिल्लर मटकन पेशंटच्या खुर्चीत बसली. पाय चुकून खटक्यावर पडला नि खुर्ची तिला घेऊन मागे आडवी झाली. तशीच छताकडे बघत ती म्हणाली, "त्याच्यावर श्वास सोडू नका. बोलूही नका कुणी." मेहुण्यानं गाल फुगवून श्वास धरला आणि हसू फुटायला लागल्यावर बाहेर पळाला. जाता जाता त्यानंच मावशीला फोन लावला.

मावशी घरातल्या चपलांवरच आली. चष्मा पुसून, तोंडावर पदर धरून बराच वेळ वाकून बघत राहिली.

"म्हणजे लोकांच्या खिशात हे असं लाललाल खुळखुळत होतं होय? मला आपलं वाटायचं, त्या काळी पैसे तपकिरीच असायचे."

"मलाही," चिल्लर म्हणाली आणि तिला एकदम रडूच आलं. डोळे पुसताना ती हसतही होती. "मावशी, इतकी वर्षं दुकान चालवून मलाही तसंच वाटायचं गं."

तिनं ते तांबडं नाणं तेल काढून, हातमोज्यांनी धरून हवाबंद डबीत ठेवलं. झाकण लावते न लावते तोच मागून धाकटीचा आवाज आला, "ताई, चौथं हलतंय. लवकर ये."