आडाचं पाणी

“मथुरे, आधी हात धू. मग धर.”

मथुराबाईंचा नवरा बब्रुवान दीक्षा घेऊन नागपूरहून परतला, तेव्हा उंबऱ्यात उभा राहून एवढंच बोलला होता. आवाज बसलेला, अंगावर वाटभराची धूळ आणि छातीशी फडक्यात गुंडाळलेला बाबासाहेबांचा फोटो. पुढं माणूस गेला, आवाज तेवढा घरात राहिला. आजही तो ऐकूनच मथुराबाईंनी रांजणाच्या तळचं पाणी ओंजळीत घेतलं, हात धुतले, पदराला पुसले आणि खुंटीवरचा फोटो उतरवला.

“चावडीत जयंती, मावशी!” दारातून अंबादास म्हणाला. बौद्धवाड्यातला तो एकटाच कळंबच्या कचेरीत जाऊन बोलणारा. “आण्णासाहेब सोता हार घालणार. निवडणुकीला उभं हायेत, विहीर द्यायला बी कबूल झालेत.”

“त्यांच्याकडं फोटू न्हाय?”

“त्यांच्याकडं जीप हाय. फोटू आपलाच.”

मथुराबाई हसल्या नाहीत. “चल. पर उचलीन म्याच.”

वाट ओढ्यावरून जात होती. चैत्रात ओढा कोरडा पडला की वाळूत झिरा उकरायचा आणि वाटी-वाटीनं घागर भरायची. बाया वाकून बसल्या होत्या. मथुराबाईंच्या सासूनं याच वाळूत बसून म्हटलेली ओवी त्यांच्या ओठांवर आपसूक आली.

झिऱ्याच्या रे पाण्या, तुझी किती वाट पाहू
भरंना घागर, किती वाकून मी राहू

महारवाड्याचा बौद्धवाडा झाला होता. गावच्या आडाचा काठ मात्र होता तिथंच होता, आणि वाड्यातली घागर गाव त्याला अजून शिवू देत नव्हतं.

चावडीच्या पायरीशी सोमलिंग गुरव उभा होता.

“तिथंच थांब, मथुरा. पायरीवर ठेव.”

त्यांनी फोटो ठेवला. सोमलिंगानं नुकताच आडावरून भरून आणलेला तांब्या उचलला, त्यात आंब्याची डहाळी बुडवली आणि फोटोवर पाणी शिंपडलं. एकदा, पुन्हा एकदा. मग दोन्ही हातांनी फोटो उचलून वर नेला.

“ह्ये काय केलं, आप्पा?”

“काय न्हाय गं. दस्तूर हाय. तुमच्याकडनं आलेलं वर न्यायचं म्हणल्यावर करावं लागतं.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, कुचेष्टाही नव्हती. बसण्याआधी घोंगडी झटकावी, तसं त्यानं ते केलं होतं. मथुराबाईंना त्याचाच शीण आला.

“सोसा, मावशी,” अंबादास खाली बघत पुटपुटला. “विहिरीचं त्यांच्या तोंडून निघूस्तोवर तरी.”

त्यांनी पदराचं टोक दातांत धरलं.

जीप आली. गावची मंडळी वर सतरंजीवर बसली, वाड्यातली खाली लिंबाच्या सावलीत. आण्णासाहेब भरल्या गळ्यानं बोलत होते. “बाबासाहेब एका समाजाचे नव्हते. ते तुमचे-आमचे, सगळ्यांचे!” टाळ्या पडल्या. मथुराबाई फोटोकडं बघत होत्या. पाणी चौकटीतून आत झिरपलं होतं. कोटाच्या बाहीवर एक डाग चढत चालला होता. मग झेंडूचा जाड हार पडला आणि डाग झाकला गेला.

“पावसाळ्याआधी या वस्तीला विहीर. माझा शब्द!” पुन्हा टाळ्या. “आणि ज्या माउलीनं हा फोटो जपला, त्या मथुराबाई. या, तुम्ही दोन शब्द बोला.”

तुम्ही. लिंबाच्या त्या बाजूनं हा शब्द त्यांच्याकडं कधी आला नव्हता. लग्नापुरता कुणी उसना शालू द्यावा, तसा तो त्यांना वाटला. संध्याकाळी घडी करून परत द्यायचा.

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.

“विहीर, मावशी,” अंबादास मागून कुजबुजला.

त्या पायरीपाशी गेल्या. सकाळी धुतलेले आपले तळवे त्यांनी एकदा बघितले. बोलल्या त्या हळू, दळताना बोलावं तशा.

“लई चांगलं झालं, आण्णासाहेब. तुम्ही हार घातला. त्याच्या आधी सोमलिंगआप्पांनी फोटूवर पाणी शिंपडलं. गावच्या आडाचं.”

वर कुणीतरी खाकरलं. सोमलिंग खांबाआड सरकला.

“माझी सासू गेली, मालक गेलं. त्या आडाचं पाणी आमच्यातल्या कुणाच्या अंगाला लागलं न्हाय. आज बाबासाहेबांच्या लागलं.”

आण्णासाहेबांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. वळून, पाणी पुसायला म्हणून त्यांनी फोटो उचलायला हात पुढं केला.

“द्या माघारी. वल्ला झालाय, उन्हात ठेवते,” मथुराबाई म्हणाल्या. “पर साहेब, आधी हात धुवा. मग धरा.”