हातमोज्यांची खोळ

बोट उलटं होऊन आत गेलं होतं. राखाडी सुती हातमोज्याची करंगळी — प्रेमानं कात्रीच्या टोकानं ती बाहेर ढकलली, तर शेंड्याला शिवणीची गाठ, तांदळाच्या कणीएवढी. तिनं ती अंगठ्यानं चाचपून पाहिली. टोचत नव्हती. पण तव्यावरच्या भाकऱ्या उलटून उलटून निबर झालेला अंगठा तो, त्याला काय टोचणार... मग तिनं ती गाठ मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं निळ्या शिरा दिसतात तिथं ठेवली, जोरानं दाबली आणि वाट पाहिली. थोडा लालसरपणा आला आणि गेला. उमटावं, असं तिला फार वाटत होतं. या एवढ्याशा गाठीचा वळ उमटला असता तर ती सुटली असती.

कारण गेल्या शनिवारी सुलक्षणा — नवऱ्याची, जयवंतची धाकटी बहीण, घाटकोपरला दिलेली, बँकेत नोकरीला, शनिवारी अर्ध्या दिवसानं सुटली की आईला बघायला भांडुपला येणारी — तिनं आईच्या पायावरची खोळ सहज म्हणून खाली केली होती आणि चष्मा लावून, वाकून पाहिलं होतं. नडगीवर जांभळे पट्टे होते, एकाखाली एक, चार.

"वहिनी, ही बोटं आहेत."

"असणारच. हातमोज्यांची बोटंच भरलीयत आत," प्रेमा म्हणाली आणि हसली, जयवंतही हसला. सुलक्षणा हसली नाही. निघताना दारात चप्पल घालता घालता हळूच म्हणाली, "पुढच्या शनिवारी मी स्वतः काढून बघणार. एक जरी नवा डाग दिसला ना, तर आईला घेऊन जाणार मी. आणि का नेली ते गाववाल्यांना तूच सांग." एवढं बोलून तिनं प्रेमाच्या हातांकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, हातांकडे. आज तो पुढचा शनिवार होता.

खोळ ही प्रेमाचीच अक्कल. दम्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊन सासूबाईंची कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी झाली होती — खाटेची कड लागली की जांभळं, भांडं घासून गेलं की जांभळं, एकदा तर मांजर नुसतं अंग घासून गेलं तरी जांभळं. पायाला काही लागू देऊ नका, जाड मोजेबिजे घाला, असं डॉक्टर म्हणाले आणि मोकळे झाले. असले मोजे मिळतात कुठे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. स्टेशनाबाहेरून आणलेल्या मोज्यांच्या इलॅस्टिकचंच काळंनिळं कडं पडलं. तेव्हा जयवंत मरोळच्या कारखान्यातून आणायचा ते नापास हातमोजे तिला आठवले. गिरणी बंद पडल्यावर तो तिथं लागला होता. एखादं बोट आखूड, एखादी शिवण वाकडी, असे हातमोजे पिशवी भरून घरी यायचे आणि फडकी म्हणून वापरले जायचे. तिनं त्यांचे तळवे उसवले, एकमेकांना जोडले, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत येईल अशी नळी केली, शिवणी सगळ्या बाहेरच्या अंगाला ठेवल्या. कापलेली बोटं टाकवेनात. ती नडगीवर येतील अशी एकाशेजारी एक बसवून वर दुसरं कापड मारलं. मऊ गादीच झाली. जयवंत कौतुकानं म्हणाला, "झकास! पेटंट घे गं याचं." शेजारच्या वसुधानं आपल्या आजीसाठी माप नेलं. गणपतीत आलेल्या माणसांना सासूबाई परकर वर करून करून पाय दाखवत होत्या.

आणि दिवाळीनंतर डाग यायला लागले. रात्री खोळ काढलेली असायची; सकाळी तेल लावताना पाय जसेच्या तसे; संध्याकाळी खोळ उतरवली की नवे. बोटांसारखे. तर बोटंच भरलीत ना आत, त्यात एवढं काय — हे तिनं सुलक्षणाला सांगितलं, त्याआधी स्वतःला सांगितलं होतं. फक्त एक होतं. आत भरलेली बोटं उभी होती, घोट्याकडून गुडघ्याकडे. डाग आडवे यायचे. खोळ फिरत असेल पायावर... एवढी फिरेल?

म्हणून आज तिनं दोन पायांना दोन खोळी घातल्या. डाव्या पायाला जुनी, बोटांची. उजव्याला काल शिवलेली नवी, जिच्यात एकही बोट नव्हतं, नुसत्या जुन्या लुगड्याच्या घड्या. डाव्यावर डाग आला आणि उजव्यावर नाही, की सुलक्षणाला तिथल्या तिथं दाखवता येईल : बघ बाई, दोष या बोटांचा आहे. ही बोटं. ही नव्हेत.

"ह्यां काय गो? दोन पायांक दोन तऱ्हा?" सासूबाई म्हणाल्या होत्या सकाळी.

"बघूया, कुठली बरी पडते."

"माका दोनय सारकीच." मग जरा थांबून, डोळे मिटून, "तू दुपारी पाय दाबतंस मां, तां बरां वाटतां."

प्रेमाचा तेलाचा हात थांबला. "मी दाबत नाही, आई. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय ना? दिवाळीपासून बंद आहे."

"बंद खंय? काल दाबलंस." म्हातारी समाधानानं हसली. "हात बरो झालो तुझो. आधी जोर नाय होतो. आता जोर इलो."

म्हातारीचं काय धरायचं. गिरणीचा भोंगा झाला काय, हे जेवायला आले काय, असं ती मधूनच विचारते. सासरे जाऊन आणि भोंगा बंद होऊन किती काळ लोटला. तरी प्रेमाला त्या वाक्याकडे पाठ फिरवता येईना. ते वाक्य सकाळपासून तिच्यामागून घरभर फिरत होतं, मोरीपाशी, ओट्यापाशी, आता मशीनपाशी.

पाय चेपणं या घरात नवऱ्याच्या जेवणाइतकंच नेमाचं. लग्न होऊन आली त्या संध्याकाळी, हातावरची मेंदीही गेली नव्हती तेव्हा, सासूबाईंनी पाय पुढे केले आणि ती पायथ्याशी बसली. "जोर नाय काय गो हातात?" सगळ्यांदेखत. पाहुण्या बायका हसल्या. तेव्हापासून रोज. पोटऱ्या, नडगी, घोटा, पुन्हा वर — हातांना इतकं पाठ झालं की ती चेपता चेपता उद्याच्या भाजीचा विचार करायची, कधी डुलकी काढायची, हात आपले चालूच. आणि माहेराहून, कणकवलीहून तार आली तो दिवस... आई गंभीर आहे, लगेच नीघ. तिनं पिशवी भरली होती. तेवढ्यात सासूबाईंना दम्याचा झटका आला. जयवंत म्हणाला, उद्या जा. उजाडलं आणि दुसरी तार आली, आई गेल्याची. त्या संध्याकाळीही तिनं पाय चेपले. सासूबाई म्हणाल्या, "रडू नको गो, मीच तुझी आवस." मला राग आला नव्हता, प्रेमा मनाशी म्हणाली. खरंच आला नव्हता, मी माझं मन चांगलं तपासून पाहिलं होतं तेव्हा, कोपरे न् कोपरे, आणि तिथं काहीच नव्हतं, नुसतं स्वच्छ, केर काढल्यासारखं. सगळे म्हणाले, प्रेमा समजूतदार आहे.

जेवणं झाली, भांडी झाली. एरवी ती या वेळी खाटेच्या बाजूला चटई टाकून लवंडायची. आज चटई काढलीच नाही. झोपायचंच नाही असं ठरवून ती मशीनवर बसली आणि नको असलेली आणखी एक खोळ शिवायला घेतली. खाली नळावर कुणीतरी कपडे आपटत होतं, ते थांबलं. वसुधाकडचा रेडिओ बंद झाला. पंखा गरगरत होता आणि त्याच्या वाऱ्यानं सासूबाईंचा पातळ पांढरा केस उशीवर हलत होता, बाकी म्हातारी जराही हलत नव्हती. प्रेमानं हातसुई घेतली, मशीनवरच्या रिळाचा दोरा न तोडता तसाच सुईत ओवला, मोकळा भाग बोटाला गुंडाळला. टाका, टाका, टाका... राखाडी कापडात राखाडी दोरा दिसेना, डोळ्यांना ताण पडत होता, एक टाका, मग एक...

खडखड खडखड. रीळ. मशीनच्या दांडीवर रीळ आपल्या आपण गरागरा फिरत होतं. म्हणजे कुणीतरी दोरा ओढतंय, असं तिला वाटलं, आणि तो कोण ओढतंय ते पाहायला तिनं डोळे वळवले, तर दोरा तिच्याच बोटाला होता आणि ती मशीनवर नव्हती. ती खाटेपाशी उभी होती. कमरेत वाकून. दोन्ही हात पुढे, बोटं पसरलेली, सासूबाईंच्या नडग्यांच्या वीतभर वर. दोरा ताणून बोटात रुतला होता, पेराचं टोक पांढरंफटक पडलं होतं.

माशी बसली असेल. पायावर माशी बसली असेल आणि ती हाकलायला मी उठले असेन. किंवा खोळ घसरली असेल. बाई, खोळ घसरली म्हणून उठलीस तू, त्यात काय एवढं... तिनं हात मागे घेतले. ते लगेच आले, आज्ञाधारक. खोळ कुठेही घसरलेली नव्हती. माशी तिनं शोधली, खिडकीवर, उशीवर, औषधाच्या बाटलीवर. मग परत मशीनवर जाऊन बसली, दोरा पुन्हा रिळावर गुंडाळला, हात मांडीखाली दाबून धरले आणि सुलक्षणा येईपर्यंत तशीच बसून राहिली.

सुलक्षणा आली ती घामेजलेली, हातात नानकटाईचा पुडा. पाणीसुद्धा न पिता खाटेवर बसली. "कुठंय बघू." तिनं आधी डावी खोळ खाली केली, बोटांची. प्रेमा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ये, ती मनात म्हणत होती, ये रे बाबा डागा, आज एकदाच ये, आडवा ये की उभा ये, पण या पायावर ये.

पाय स्वच्छ होता. जुने डाग होते, पिवळे पडत आलेले. नवा एकही नाही. सुलक्षणानं पाय उचलून पोटरीखाली पाहिलं, चष्मा लावून पुन्हा पाहिलं. मग उजवी खोळ काढली. तोही स्वच्छ.

"काहीच नाही गं!" सुलक्षणाचा आवाज एकदम मोकळा झाला. "दोन्ही पाय क्लीन. सॉरी हां वहिनी. मी उगाच काहीच्या काही... आठवडाभर झोप नाही मला. हे म्हणाले, तू वहिनीवर असा संशय घेतेसच कसा?" तिनं प्रेमाचा हात धरला आणि डोळे पुसले. "नीट बसवलीस ना बोटं या वेळी?"

प्रेमानं मान हलवली. डावी खोळ तीच होती, गेल्या शनिवारचीच. तिच्यात तिनं टाकासुद्धा बदलला नव्हता. तीच बोटं सकाळपासून त्याच पायावर होती आणि त्यांनी काही केलं नव्हतं. बिचारी कापलेली बोटं, त्यांनी कधीच काही केलं नव्हतं. सुलक्षणानं धरलेला आपला हात तिला जड वाटायला लागला, सोडवून घ्यावासा वाटला, सुलक्षणासाठीच.

"आज इलंस नाय गो," सासूबाई खाटेवरून रुसव्यानं म्हणाल्या. "रोज येतंस. आज वाट बघलंय, पण दाबलंस नाय."

"कुणाला म्हणतेस, आई?" सुलक्षणानं हसत विचारलं. "मला का? मी कुठे रोज येते?" आणि प्रेमाकडे वळून हळूच, "फारच भ्रमिष्ट झाली गं ही."

घेऊन जा हिला, प्रेमाच्या ओठांवर आलं. आजच्या आज घेऊन जा, घाटकोपरला, माझ्यापासून. गाववाल्यांना काय सांगायचं ते सांग. शब्द अगदी दातांपर्यंत आले. पण सुलक्षणा नानकटाईचा पुडा सोडत होती, चहा टाक ना म्हणत होती, किती दिवसांनी इतकी हलकी दिसत होती. आणि प्रेमा चहा टाकायला गेली. साखर घातली. दोन्ही कप बशीत न सांडता बाहेर आणले.

सुलक्षणा गेल्यावर तिनं पिशवी उपडी केली. उसवायचे राहिलेले हातमोजे चटईवर पसरले. त्यांतून तिनं एक जोड निवडला, नापास कशाला केला होता कुणास ठाऊक, चांगला होता. कात्री जवळच पडली होती. ती तिनं ड्रॉवरमध्ये ठेवली. उजवा हातमोजा घातला. मग त्या हातानं, जरा अवघडत, डावा. मनगटावर नाडी कशी लावता येईल ते पाहिलं — दुपारी चटईवर लवंडण्याआधी बांधायची, दातांनी ओढून, गाठ मागल्या अंगाला, झोपेतल्या हातांना सुटू नये अशी. इतके दिवस ती खोळ भलत्याच ठिकाणी शिवत होती.

"प्रेमा," खाटेवरून हाक आली. "ये गो. दाब वायच."

ती उठली नाही. मांडीवर दोन राखाडी हात शेजारी शेजारी पडले होते, तळवे वर, बोटं जराशी मुडपलेली, आणि ती त्यांच्याकडे बघत होती. आता रोज बघावं लागणार होतं. मला कधी राग आलाच नाही, ती त्यांना सांगत होती. आणि ते खरंच होतं. मला नव्हता आला.