कारभाऱ्याचा पाळणा

उपसरपंच मच्छिंद्रने पुढे होऊन नटाच्या हातातली पाळण्याची दोरी काढून घेतली आणि शूटिंग थांबलं.

न्हावऱ्याजवळच्या माळावर आठवडाभर सिनेमाचं काम चाललं होतं. सिनेमा हौसराव कारभाऱ्यावर होता. इंग्रजांच्या काळातल्या दुष्काळात त्याने भरल्या कोठाराला कुलूप घातलं आणि दाराशी आलेली माणसं उपाशी मेली. साठ वर्षं झाली तरी गावात कुणी पोराचं नाव हौसराव ठेवत नव्हतं. आणि तोच माणूस आता पडद्यावर स्वतःच्या तान्ह्या मुलीला झोका देत गाणं म्हणणार होता.

हा प्रसंग दिग्दर्शकाला सांगितला होता तो कारभाऱ्याच्या नातवाने, पोपटरावांनी. त्यांनी तो आजीकडून ऐकला होता. नातू आजोबाचं पाप धुऊन काढतोय, असं मच्छिंद्रचं म्हणणं. जमलेल्यांनाही ते पटलं. पोपटराव मान खाली घालून उभे राहिले. असं उभं राहायची त्यांना लहानपणापासून सवय होती.

शेवटी कुणीतरी म्हणालं, बयाबाईला विचारा. बयाबाई धनगरवाड्यातली. लहानपणी ती आईसोबत त्या दाराशी बसली होती आणि तिचा धाकटा भाऊ तिथेच गेला होता. तिच्या घरचं कुणी पोपटरावांच्या बांधावरूनही जात नसे. सून साधना तिला हाताला धरून घेऊन आली. प्रसंग काढून टाकू का, असं दिग्दर्शकाने विचारलं. आधी दाखवा, ती म्हणाली.

पाळणा हलला. नटाने हलक्या आवाजात गाणं म्हटलं, मुलीच्या अंगावरची गोधडी सारखी केली. बयाबाई तोंडाशी पदर धरून बघत राहिली. संपल्यावरही तिने पदर लगेच सोडला नाही.

"ऱ्हाऊ द्या हे," ती म्हणाली.

"आजी, लोकांना त्याची दया येईल," मच्छिंद्र म्हणाला.

"येऊ दे की. आमी जलमभर त्याला राकीस म्हनत आलो. राकसाला काय कळतंय? ह्याला लेकरू कळत हुतं. आन् तरी आमची लेकरं दारात असताना यानं कुलूप काढलं न्हाई."

मच्छिंद्र बाजूला झाला.

पोपटराव तिच्यापुढे आले. या प्रसंगाने आजोबाचं ओझं थोडं हलकं होईल, असं त्यांना वाटलं होतं. ते वाढलं होतं.

"मावशी, मी काय त्याचं पाप धुऊन काढाय न्हवतो आलो," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "थोडा आलो बी हुतो."

"ठावं हाय," बयाबाई म्हणाली. "आजा हाय त्यो तुमचा."

साठ वर्षांत त्या घराशी ती पहिल्यांदाच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठारासमोरच्या गर्दीचं शूटिंग होतं. फाटकी लुगडी, जुनी धोतरं नेसून, अंगाला माती फासून गावातली माणसं दारासमोर बसली. बयाबाई नात धनश्रीला घेऊन पुढेच होती. दिग्दर्शकाने पोपटरावांना कॅमेऱ्यामागे खुर्ची दिली होती. ते थोडा वेळ बसले. मग उठले, पायातल्या चपला काढल्या, कुणाचं तरी घोंगडं खांद्यावर घेतलं आणि गर्दीत आले.

बसायला जागा नव्हती. लोक एकमेकांकडे बघू लागले.

बयाबाईने धनश्रीला मांडीवर ओढून घेतलं आणि थोडी सरकली.