मुठींवरचा भार

माझी पुढची दोन छोटी चाकं कधी गप्प राहत नाहीत. कोणी हात लावला नाही तरी ती आपली इकडे वळतात, तिकडे वळतात. लादी जरा कलती असली की मी हळूच बोटभर पुढे सरकते. मित्रांनो, मी आहे एक जुनी चाकांची खुर्ची. स्वस्थ उभं राहणं मला जमत नाही, आणि गंमत बघा, माझ्या आयुष्याचा निम्मा काळ एका अंधाऱ्या स्टोअररूममध्ये उभं राहण्यातच गेला.

माझा जन्म घाटकोपरच्या एका गल्लीतला. चंद्रप्रकाश नावाच्या कारागिराने लोखंडी नळ्या वाकवून, जोडून माझा सांगाडा केला. रंग वाळल्यावर तो स्वतःच माझ्यात बसला आणि त्याने कारखान्यात दोन गिरक्या घेतल्या. बाकीचे कामगार हसले. "हसताय काय? आपण बसून बघितल्याशिवाय दुसऱ्याला कसं बसवायचं?" असं म्हणून तो उठला आणि त्याने माझं उजवं चाक पुन्हा घट्ट केलं.

मग अंधेरीच्या एका छोट्या दवाखान्यात मी अकरा वर्षं काढली. तिथे मी एक गोष्ट शिकले. जो माझ्यात बसतो तो मला वजनाने कळतो, पण जो मला ढकलतो तो मला माझ्या पाठीमागच्या दोन मुठींतून कळतो. घाबरलेली आई मुठी घामाने ओल्या करते. कंटाळलेला भाऊ एकाच हाताने ढकलतो, दुसऱ्या हातात मोबाइल असतो. वॉर्डातले लोक म्हणायचे, "ही खुर्ची चांगली पळते हां." ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

दवाखाना बंद झाला आणि मी मालाडच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला असलेल्या एका रिसॉर्टमध्ये आले. तिथे एक मोठा पार्क आहे. उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, किंचाळणारी मुलं. पार्कला लागून तीन हॉटेलं आहेत. एक जंगलासारखं सजवलेलं, एक बर्फासारखं आणि एक जहाजासारखं. या तिन्ही हॉटेलांत मिळून चाकांची खुर्ची एकच, ती म्हणजे मी. सुट्टीवर आलेल्या माणसांना माझी आठवण कशाला येईल? महिनोन् महिने मी जास्तीच्या गाद्यांच्या मागे दुमडून पडलेली असायचे. बाहेरून पाळण्यांचा आवाज यायचा आणि माझी चाकं आत नुसती चुळबुळायची. माझ्या ब्रेकचं रबर झिजलं होतं. ते बघायला कोणी आलं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र मला बाहेर काढलं. हाउसकीपिंगच्या रुक्मिणीताईंनी मला ओल्या फडक्याने पुसलं आणि जंगल हॉटेलच्या रिसेप्शनवर नेऊन उभं केलं. तिथे मुलुंडहून आलेलं एक कुटुंब होतं. अकरा वर्षांची अपूर्वा, तिचे पप्पा सुयोग, आई जया आणि आजोबा लवू. अपूर्वाच्या उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं. ती खो-खो खेळायची. सरावात पडली आणि पाय मोडला. हॉटेलचं बुकिंग आधीच झालेलं, म्हणून सगळे तरीही आले होते.

ती माझ्यात बसली आणि मला लगेच कळलं, ही माझ्याच जातीची आहे. तिचा धड पाय सारखा माझ्या पायपट्टीवर ताल धरायचा. बोटं माझ्या हातांवर टकटक करायची. पाठ टेकून बसणं तिला ठाऊकच नव्हतं.

पहिला दिवस पार्कात गेला, आणि तो वाईट गेला. प्लास्टर बघून तिला एकाही पाळण्यावर घेईनात. "पप्पा, तू तरी जा. वरून काय दिसतं ते मला सांग," असं म्हणून तिने वडिलांना सगळ्यात उंच पाळण्यावर पाठवलं. सुयोग खाली आला तो पांढराफटक पडून, आणि थेट कचऱ्याच्या डब्याकडे धावला. "काय दिसलं?" तिने विचारलं. "माझं मरण," तो म्हणाला. सगळे हसले. अपूर्वाही हसली, पण तिची बोटं माझ्या हातांवर टकटक करायची थांबली नाहीत.

दुसऱ्या दिवशी पार्कचं तिकीट नव्हतं. तो दिवस आरामासाठी रिकामा ठेवला होता.

"मस्त झोपू या," सुयोग म्हणाला.

"मी बारा दिवस आरामच करतेय!" अपूर्वा ओरडली. "अजून एक तास असं बसले ना, तर मी हे प्लास्टर दाताने फोडीन."

जयाने रिसेप्शनवरून तिन्ही हॉटेलांचा नकाशा आणला. "पार्क नाही तर नाही. आपण हॉटेलंच बघू या. सगळीकडे लिफ्ट आहे, उतार आहे. आज तुला कुठेच कोणी अडवणार नाही."

अपूर्वा एकदम ताठ बसली. "तिन्ही? प्रत्येक मजला?"

"प्रत्येक मजला."

सुयोग मला ढकलायला पुढे आला, पण आजोबांनी आधीच मुठी धरल्या होत्या. "तू हो बाजूक. नातीक मी फिरवतंय," ते म्हणाले. लवूआजोबा मूळचे मालवणकडचे. तरुणपणी बावीस वर्षं ते कापडाच्या मिलमध्ये होते, पुढे मुलुंडला वॉचमनकी केली. सुयोगला वाटलं, आजोबांना हौस आहे. जयालाही तसंच वाटलं. तिने फोटोसुद्धा काढला.

पण मित्रांनो, मला पहिल्या दहा पावलांतच काहीतरी खटकलं. ढकलणारा माणूस मुठी पुढे रेटतो. आजोबा मुठी खाली दाबत होते. त्यांचा सगळा भार माझ्यावर होता. ते मला ढकलत नव्हते, मी त्यांना धरून चालले होते.

मला बोलता येत नाही. मी नुसती कुरकुरले. "हिला तेल घालायला पाहिजे," सुयोग म्हणाला.

जंगल हॉटेलात आम्ही सहाच्या सहा मजले पाहिले. तिथल्या लिफ्टमध्ये बटण दाबलं की माकडांचा आवाज येतो. अपूर्वाने सगळी बटणं दाबली. चौथ्या मजल्यावर भिंतीत एक खोटा वाघ आहे, त्याचे डोळे माणसाबरोबर फिरतात. तिथे आजोबा थांबले. "बघ गो, कसो बघता तो!" म्हणून बराच वेळ वाघाकडे बघत राहिले. मग बर्फाचं हॉटेल. आत शिरताच अंगावर गार वारा, आणि चहूकडे पांढऱ्या कापसासारखे ढीग. आजोबा पुन्हा थांबले. त्यांनी एक पुंजका हातात घेऊन चोळला, हुंगला.

"हो कापूस नाय गो. पॉलिस्टर आसा," ते म्हणाले. "बावीस वर्सां माझ्या नाकात कापूस गेलो. माका काय फसवतत?"

सगळ्यांना मजा वाटली. फक्त मला माहीत होतं, की ते थांबतात ते वाघासाठी नव्हे, बर्फासाठीही नव्हे. थांबलं की त्यांचा श्वास माझ्या पाठीच्या कापडावर आदळायचा. छोटा, तुटक श्वास. तो जरा सावरला की ते म्हणायचे, "चला." पुढच्या वळणावर पुन्हा एखादं झाड, एखादा दिवा, एखादं चित्र त्यांना दाखवण्यासारखं वाटायचं.

अपूर्वाला ते सहन होईना. इतक्या दिवसांनी ती फिरत होती. तिला वेग हवा होता. "आजोबा, किती थांबताय यार! एक अख्खं हॉटेल बाकी आहे. जरा फास्ट ना!"

आजोबा हसले आणि खरंच वेगाने चालू लागले. माझी चाकं आनंदाने फिरली आणि त्याच वेळी माझ्या मुठी भीतीने गार झाल्या. त्यांचे तळवे थंड आणि ओले होते. असे तळवे मी दवाखान्यात खूप पाहिले होते.

जहाजाच्या हॉटेलात सगळ्यात वर डेकसारखी गच्ची आहे. तिथून खालच्या पोहण्याच्या तलावाकडे एक लांब उतार जातो, कडेला क्रोटनच्या कुंड्यांची रांग. सुयोगला ऑफिसचा फोन आला आणि तो मागे राहिला. जया फोटो काढायला उताराखाली गेली. "अपू, वर बघ!" ती म्हणाली. आजोबांनी मला उताराच्या तोंडाशी आणलं.

आणि मुठींवरचा भार एकाएकी गेला.

मी सुटले. माझा एक ब्रेक अर्धवट लागलेला होता, पण झिजलेलं रबर नुसतं घासत राहिलं. खाली निळं पाणी होतं आणि जड प्लास्टर घातलेली मुलगी माझ्यात. आयुष्यभर मला पळायची हौस होती. त्या क्षणी मला फक्त थांबायचं होतं.

अपूर्वा किंचाळली नाही. खो-खोत दिशा बदलावी तशी ती एका बाजूला झुकली आणि दोन्ही हातांनी तिने माझं डावं चाक आवळलं. तिच्या तळव्यांची कातडी सोलली, पण चाक अडलं. मी गर्रकन फिरले, दोन कुंड्या आडव्या केल्या आणि तिसरीवर धडकून थांबले.

सुयोग धावत आला. आधी त्याने मुलीला चाचपलं, मग वर बघून ओरडला, "बाबा! लक्ष कुठे होतं तुमचं? हात कसे सोडले?"

आजोबा उताराच्या तोंडाशी खाली बसले होते. चेहरा घामाने निथळत होता. "माका काय जाला नाय," ते म्हणाले. "पाय सरकलो."

"दहा वेळा म्हटलं, मी ढकलतो म्हणून—"

"पप्पा, थांब." अपूर्वाचा आवाज असा होता की सुयोग खरंच थांबला. "मला वर ने. आजोबांजवळ."

त्याने मला वर नेलं. अपूर्वाने आजोबांकडे नीट पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिचा पाय हलत नव्हता.

"आजोबा, पाय नाही सरकला."

"सरकलो गो."

"मी पण असंच सांगितलेलं," ती म्हणाली. "पाय मोडायच्या आधी दोन दिवस दुखत होता माझा. खूप. मी म्हटलं, नुसता मुरगळलाय. मॅच खेळायची होती ना. सांगितलं असतं तर खो-खोच्या मॅडमनी बाहेर बसवलं असतं. मग तो मोडला."

जया धापा टाकत वर आली होती. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं.

आजोबा जमिनीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "गणपतीपासून होता. जिनो चढताना छातीर कोणी दगड ठेवल्यासारखा वाटता. सांगला असता तर तुमची सुट्टी बोंबालली असती. चेडू आधीच एवढा कष्टी," त्यांनी अपूर्वाकडे बोट दाखवलं.

"म्हणून खुर्ची धरलीत?" सुयोगने विचारलं. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"धरून चालला की बरा वाटता."

अपूर्वा माझे हात धरून एका पायावर उठली आणि आईच्या खांद्यावर रेलली. "आता तुम्ही बसा."

"मी? खुर्चीयेत? बावीस वर्सां उभ्यान काम केलंय मी!"

"मग आता बसायची पाळी तुमची. खो दिलाय मी तुम्हाला. खो मिळाला की उठायचं असतं. उठा, आणि इथे बसा."

सुयोगने त्यांना दोन्ही काखांत हात घालून उचललं. ते माझ्यात बसले तेव्हा मला नवल वाटलं. सबंध सकाळ ज्यांचा एवढा भार मी झेलला, ते माणूस वजनाने किती हलकं होतं!

मग सगळं भराभर झालं. हॉटेलच्या नर्सबाईंनी नाडी बघितली आणि अँब्युलन्स बोलावली. सुयोगने मला असं ढकललं, जसं आजवर कोणीच ढकललं नव्हतं. वेगाने, पण एकही धक्का न देता. दाराशी आजोबांना स्ट्रेचरवर घेतलं आणि मी रिकामी झाले. अपूर्वाला टॅक्सीत बसवत होते. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढून रुक्मिणीताईंना सांगितलं, "ताई, हिचा ब्रेक खराब आहे. प्लीज दुरुस्त करा. कोणीतरी पडेल."

दोन दिवस मी स्टोअररूममध्ये होते. इतकी अस्वस्थ मी कधीच नव्हते. आता कुठे जाण्याची ओढ नव्हती, फक्त काय झालं ते कळायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी जया सामान न्यायला आली. रुक्मिणीताईंनी विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"हृदयाची एक नस जवळजवळ बंद झाली होती," जया म्हणाली. "तिथे स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडाभर असेच फिरले असते तर हाती लागले नसते. आता ते नर्सशी भांडतायत, बसून राहणार नाही म्हणतात. अपूर्वा पहारा देतेय."

गाद्यांच्या मागे माझी चाकं जागच्या जागी फिरली.

मला नवे ब्रेक बसले, तेही दोन महिन्यांनी, रुक्मिणीताईंनी तीनदा अर्ज केल्यावर. अजूनही मी बहुतेक वेळ अंधारातच असते. मला त्याचं फार दुःख नाही. पण मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. माझ्यासारख्या वस्तूंना वेळेवर तेल घाला, आमचे झिजलेले भाग बदला, हे तर आहेच. आम्ही निदान कुरकुरतो तरी. माणसं तेवढंही करत नाहीत. ती हसतात, वाघ दाखवतात, कापूस दाखवतात. तेव्हा तुमच्याबरोबर चालणारं घरातलं कोणी वारंवार थांबू लागलं, तर त्याला विचारा, "बरं वाटतंय ना?" ते म्हणेल, "मला काय झालंय?"

मग तिथेच उभे राहा, आणि पुन्हा एकदा विचारा.