हेडसेटवरचा संसार

ज्ञानदेवने युनिव्हर्सिटीतून रिटायर झाल्यावर बोट घेतली, तेव्हा नागपूरच्या माणसाला पाण्याचं एवढं काय, असं मी विचारलं होतं. तो नुसता हसला. वेस्ट विंडसरमधले आमच्या ओळखीचे लोक क्रूझला जातात, नातवंडं सांभाळतात. आम्ही मात्र हडसन नदीतून वर येऊन ईरी कॅनॉलमध्ये शिरलो होतो आणि बफेलोपर्यंत जाणार होतो. बोटीचं नाव त्याने 'मेत्ता' ठेवलं. सगळ्या प्राणिमात्रांशी मैत्री. त्यातून बायको वगळलेली असावी, असं मी आमच्या मुलीला, इलाला, फोनवर म्हणाले होते.

मी उगाच चिडत नव्हते. गेली दोन वर्षं हा माणूस घरात असून नसल्यासारखा होता. मी काही सांगावं आणि याने 'बरं' म्हणून उठून जावं. भीमजयंतीच्या कार्यक्रमाला पूर्वी हा सगळ्यांना हसवायचा. आता कोपऱ्यात खुर्ची ओढून बसायचा आणि पहिल्या तासातच निघू या म्हणायचा. लोक म्हणायला लागले, सरांना शिंगं फुटली. मीही तेच म्हणत होते, फक्त मनात. माझी आई गेली तेव्हा तिच्या शेवटच्या आठवड्याबद्दल मी एका संध्याकाळी त्याच्याशी बोलत होते. तो भांडी लावत होता. बोलून झाल्यावर तो म्हणाला, "बरं." ते मी विसरले नव्हते.

बोटीवर तर याहून वाईट. चहूकडे पाणी, काठाला झाडं, मैलोन्‌मैल माणूस नाही, आणि आत हा. बोलायचा तो फक्त लॉकमध्ये. लॉक म्हणजे उंच भिंतींचा हौद. बोट आत घ्यायची, दारं लागतात, पाणी भरतात किंवा सोडतात, आणि बोट वरच्या किंवा खालच्या पातळीला येते. तेवढा वेळ भिंतीवरून सोडलेला दोर हातात धरून बोट भिंतीलगत ठेवावी लागते. पुढचा दोर माझ्याकडे, मागचा त्याच्याकडे. मधे इंजिनाचा आवाज, म्हणून बोट घ्यायच्या आधीच त्याने इलाकडून हेडसेट मागवून घेतले होते. ते कानावर चढले की हाच माणूस पोपटासारखा बोलायचा. "प्रणिता, दोर थोडा लूज कर. तो बगळा बघ, कसा आपल्याकडे बघतोय." लॉक संपलं, हेडसेट खुंटीवर गेले, की पुन्हा मौन. म्हणजे याला बोलता येतं, फक्त माझ्याशी बोलायचं नाही, हे मला त्या हेडसेटमुळेच पक्कं कळलं.

कॅनॉलवरच्या रोम नावाच्या गावी धक्क्याला बोट लावली होती, त्या सकाळी मी ठरवलं. नेहमीप्रमाणे आम्ही छोट्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हटली. हल्ली पंचशील म्हणताना तो मला मागे टाकून एकटाच पुढे जायचा, तसाच त्या दिवशीही गेला. मग तो चहा करायला वळला आणि मी त्याच्या पाठीला सांगितलं.

"ज्ञानदेव, मी ब्रूअर्टनला उतरते. तिथून सिरॅक्यूजला जाईन आणि घरी. तू परत आलास की आपण वेगळं राहायचं बोलू. मला हे एकटेपण आता सहन होत नाही."

त्याने चहा गाळला. "बरं," म्हणाला. "ब्रेड संपत आलाय ना?"

पस्तीस वर्षांचा संसार आणि त्याची किंमत ब्रेडएवढी. मला वाटलं होतं भांडेल, निदान का म्हणून विचारेल. मी कप उचलून पुढच्या डेकवर जाऊन बसले. त्या काठावर कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईने हात केला. तेवढ्यानेही माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी पहिलं लॉक आलं. दोन्ही हेडसेट सारखेच दिसतात. त्याचा उजवीकडच्या खुंटीला, माझा डावीकडच्या. रागाच्या भरात मी हाताला लागला तो उचलला. लॉकमध्ये शिरताना तो काहीतरी म्हणाला आणि माझ्या कानात इतका मोठा आवाज घुसला की मी तो ओढून मानेवर घेतला. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. मी माईकमध्ये सांगत होते की मागची बाजू भिंतीला लागतेय. त्याला पत्ताच नाही. बोट चांगली खरवडली गेली आणि वरून लॉकवाला ओरडला.

बाहेर पडल्यावर ज्ञानदेव पुढे आला. माझ्या मानेवरचा हेडसेट त्याने काढून घेतला, त्याच्या कानावरचा माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता परत चाकाशी जाऊन उभा राहिला. स्वतःचा हेडसेट उजवीकडच्या खुंटीला लावायलाही तो विसरला नाही.

मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. इंजिन अगदी हळू चालू होतं.

"ज्ञानदेव," मी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मी पाण्यात उडी मारतेय."

"बरं," तो म्हणाला.

त्याला ऐकूच येत नव्हतं. कोपऱ्यातली खुर्ची, वंदनेत पुढे पळणं, आईबद्दलची ती संध्याकाळ. दोन वर्षं मी या माणसाचा राग करत होते आणि त्याच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. मला त्याची दया आली, आणि तेवढाच संताप. त्याने मला इतकी वर्षं एकटीला बोलू दिलं होतं.

दुसरं लॉक जवळच होतं. ते संपलं की ओनायडा तलाव आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला ब्रूअर्टन. मी पुढचा दोर धरला, आम्ही आपापले हेडसेट चढवले होते, पाणी उतरायला लागलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्याने मागचा दोर थोडा सैल सोडला. मग तो म्हणाला, "डिपार्टमेंट सोडलं त्याच्या आधीपासून. आयुष्यभर या देशात मला कुणाला दोनदा सांगायला लावायचं नव्हतं, प्रणिता. ऐकू आल्यासारखं दाखवायची सवय लागली."

"मी कुणी होते का?"

"इथे तुझा आवाज येतो. म्हणून तर बोट." मग म्हणाला, "सकाळी तू काहीतरी म्हणालीस. तुझा चेहरा बघितला मी नंतर. काय होतं?"

त्याला न सांगताही चाललं असतं. ऐकलंच नाही, तर म्हटलंच नाही, असं धरून मी गप्प बसू शकले असते. पण त्याच्याशी पुन्हा गप्प बसायचं मला जमलं नसतं. ओल्या भिंतीकडे बघत मी सकाळचं सगळं वाक्य न् वाक्य सांगितलं. ब्रूअर्टन, घर, वेगळं राहणं, एकटेपण.

"मग मी काय म्हणालो?" त्याने विचारलं.

"बरं म्हणालास."

आम्ही खाली खाली जात होतो. मागे वळून मी बघितलं नाही.

"मी सगळ्यालाच बरं म्हणतो गं," तो म्हणाला. "जाऊ नकोस."

मी रडायला लागले, दोर दोन्ही हातांत असल्यामुळे तोंड झाकता येईना, आणि माईक ओठांपाशीच होता. घरात त्याच्या पाठीमागे मी कितीतरी वेळा रडले होते. या वेळी ते पूर्ण आवाजात त्याच्या कानात गेलं, आणि त्याने हेडसेट काढला नाही.