भिंतीकडची बाजू

चर्चच्या मंडळीत तिला सगळे मेट्रन म्हणत. इस्पितळातली मुख्य नर्स म्हणून निवृत्त झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. नवरासुद्धा मेट्रनच म्हणायचा. नीट लावलेल्या पलंगावर तो टेकला रे टेकला की ही डोळे वटारायची, आणि तो बिचारा खुर्ची शोधायचा. शेवटच्या आजारात, बोलायचं त्राण नसताना, तो हसून म्हणाला होता, "मेट्रन, मी गेल्यावर तरी चादरीला एक सुरकुती राहू देशील ना गं?"

तिनं दिली नाही. त्याला नेलं आणि नातेवाईक पोचायच्या आत चादर, अभ्रा, पांघरूण, सगळं तिनं गरम पाण्यात टाकलं. वॉर्डात तसंच करतात. पेशंट गेला की आधी पलंग मोकळा.

मग घर खायला उठलं. पाळकसाहेबांनी परदेशातल्या सेवेसाठी नावं मागितली, तेव्हा पहिला हात तिचाच वर गेला.

सेवेच्या दिवशी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरं प्रत्येकाला साफ करायला वाटून दिली. सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे टी-शर्ट, पाठीवर बायबलमधलं वचन. मेट्रननं तो साडीवरून चढवला आणि आरशाकडे पाठ फिरवली. तिच्या वाट्याला आली एक वाळलेली, मिटल्या ओठांची आजीबाई. बोलणं कळावं म्हणून सोबत पाळकसाहेबांची भाची होती, लग्न होऊन त्याच देशात राहिलेली.

मेट्रननं शेगडी घासली, मोरी घासली, खिडक्यांच्या काचा लख्ख केल्या. आजीबाई खुर्चीतच पेंगायला लागली. भाची साबण आणायला बाहेर पडली, आणि मेट्रननं मागच्या खोलीचं दार ढकललं.

आत पडदे ओढलेले, फरशीवर धुळीचा थर. भिंतीला लागून एक पलंग. पांघरूण बाजूला लोटलेलं, उशीला खोलगट खळगा, जणू कुणीतरी आत्ताच उठून गेलंय.

"काय बाई माणसं! उठल्यावर पांघरुणाची घडी करायला काय होतं यांना?" मेट्रन पुटपुटली आणि तिनं चादरीखाली हात घातला.

गादी ऊबदार होती.

आजीबाईच येऊन पडत असेल, तिनं स्वतःला समजावलं. मग नजर फरशीवर गेली. धुळीत पावलं उमटली होती ती फक्त तिची स्वतःची. तरी हात थांबले नाहीत. तिनं सगळं ओढून काढलं, धुतलं, अंगणातल्या दोरीवर वाळत घातलं. मग नवी चादर अंथरली, कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली खोचले, उशी झटकून फुगवली. त्या ताठ चादरीवर रुपया टाकला असता तर टणकन उडाला असता.

आजीबाई जागी झाली. मागच्या खोलीच्या दारात येऊन नुसती उभी राहिली. मग अंगणात गेली, ओल्या चादरीत तोंड खुपसून तिनं वास घेतला. या टोकाला घेतला, त्या टोकाला घेतला. नुसता साबण. ती तिथेच मट्‌कन खाली बसली.

भाची धावत आली. आजीबाईचं ऐकता ऐकता भाचीचा चेहरा उतरला.

"मावशी, तिच्या मुलीचा पलंग तो. मुलगी सकाळी त्यावरून उठली, न्हाऊन कामाला निघाली, आणि वाटेतच अपघातात गेली. तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. म्हणते, दुपारची मुलगी येऊन पडते. आता असा ताठ लावलेला पलंग बघून मुलीला वाटेल, इथे दुसरंच कुणीतरी राहतं. ती परत जाईल." मग आवाज खाली आणून म्हणाली, "वय झालंय हो तिचं. चला, तिच्यासाठी प्रार्थना करू आणि निघू. गाडी येईलच."

"प्रार्थना नंतर," मेट्रन म्हणाली. तिला स्वतःचीच शरम वाटत होती. "आधी विचार तिला, मी काय करू?"

आजीबाईनं पलंगाकडे बोट केलं.

"झोपा म्हणते. कुणी झोपून उठल्यासारखा दिसू दे म्हणते."

मेट्रन आडवी झाली. जन्मभराच्या सवयीनं भिंतीकडची बाजू रिकामी सोडली. ती नवऱ्याची असायची. आजीबाई पायथ्याशी बसली. भाची दारातच थांबली.

थोड्या वेळानं पाठीमागे गादी हलकेच दबली. उशिरा आलेलं माणूस, दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून जपून टेकतं, तशी. पाठीला ऊब लागली. भीती होतीच, पण भीतीपेक्षा मोठी हाव होती. तिनं डोळे मिटून श्वास ओढला, एकदा तरी नवऱ्याच्या बामचा वास यावा म्हणून.

वास आला तो नुकत्याच न्हालेल्या केसांचा. हा तो नव्हता.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ती उठली आणि वळून पाहिलं. उशीवर तिच्या डोक्याचा खळगा होता, आणि भिंतीच्या बाजूला दुसरा, लहानसा.

"प्रभू येशू!" भाचीच्या तोंडून एवढंच निघालं.

आजीबाईनं ओठांवर बोट ठेवलं. कुणाची झोप मोडू नये, तसं. मग तिनं मेट्रनचा हात थोपटला.

गाडीत प्रत्येकजण साक्ष देत होता, देवानं आज आपल्या हातून काय करवून घेतलं ते सांगत होता. कुणी छप्पर शाकारलं होतं, कुणी म्हाताऱ्याला आंघोळ घातली होती.

"मेट्रन, तुमची साक्ष?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मी पलंग लावला."

"दुसरं काय करणार मेट्रन!" कुणीतरी म्हणालं आणि गाडीभर हशा पिकला.

ती हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे स्वतःचं बंद घर आलं. ताठ ओढलेली चादर, खोचलेले कोपरे, फुगवलेल्या दोन उशा. तोही आला असेल, कितीतरी दुपारी. पायथ्याशी उभा राहून त्यानं पलंगाकडे पाहिलं असेल, आणि मेट्रन ओरडेल म्हणून न टेकताच परत गेला असेल.